तिजोरी आडवी न्यायची नसते

हिंगोलीत आणि आसपासच्या गावांत कुणाच्या घरी केवढी तिजोरी आहे आणि ती कोणत्या खोलीत आहे, हे मला तोंडपाठ आहे. ही माहिती एखाद्या चोराकडे असती तर त्याच्या लेकरांचं भलं झालं असतं. मी ती तीस वर्षं नुसती डोक्यात बाळगून राहिलो आणि गुडघे झिजवले.

माझा धंदा तिजोऱ्या हलवण्याचा. या धंद्याला धड नावही नाही. लोक मला 'तिजोरीवाले मामा' म्हणतात, त्यामुळे अनोळखी माणसाला वाटतं की माझीच एखादी भली मोठी तिजोरी असणार. आमच्या घरी पत्र्याचं एक कपाट आहे. त्याचं दार लागत नाही, म्हणून बायकोनं त्याला साडीचा काठ बांधून ठेवलाय.

मी सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या एका तांड्यावरचा. आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला. माझ्यापर्यंत येईतो बैल संपले, पाठ तेवढी उरली. ती घेऊन मी हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती उचलायला लागलो. तिथं मला लिंबाजी भेटला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, बुटका, आणि मान जवळजवळ नसलेला. मोंढ्यात कुणाची तिजोरी हलवायची असली की त्यालाच बोलावणं यायचं. एकदा त्याचा जोडीदार आजारी पडला म्हणून तो मला घेऊन गेला, आणि मग मी परत पोत्यांकडे वळलोच नाही. पोत्याला कुणी हळदीकुंकू लावत नाही. तिजोरी हलवायला गेलं की पेढा तरी मिळतो.

लोकांना वाटतं या कामाला ताकद लागते. साफ चूक. पाच क्विंटल लोखंड कुणाला उचलत नसतं. मारुतीनं डोंगर उचलला हे खरं, पण त्याला तो हवेतून न्यायचा होता, दोन फुटी जिन्यातून नव्हे. तिजोरी उचलायची नसते, सरकवायची असते. पहारीचं टोक खाली घालून ती बोटभर उचलायची, खाली लोखंडी पाइपचे तुकडे घालायचे आणि ढकलायची. मागचा पाइप मोकळा झाला की तो उचलून पुढे घालायचा. नव्या फरशीवर आधी प्लायवूड अंथरायचं, नाहीतर तिजोरी पोचते आणि फरशी फुटते. जिना आला की तिजोरीला गोधड्या गुंडाळून पाठीवर आडवी निजवायची, पायऱ्यांवर फळ्या टाकायच्या, वरच्या खांबाला चैनकुप्पी, म्हणजे साखळीची कप्पी, अडकवायची आणि साखळी ओढत तिला घसरत वर घ्यायची. वर जाताना तिच्या खालच्या अंगाला माणूस नको, मांजर नको, कुणीच नको. आणि सगळ्यात आधी ती रिकामी करायची. आत काही सैल राहिलं तर ते मधेच सरकतं, आणि तिजोरी कोणत्या वेळी काय करील याचा भरवसा राहत नाही.

हे सगळं लिंबाजीनं मला शिकवलं. पण त्याचा मुख्य नियम वेगळाच होता. तो म्हणायचा, "तोंड एकाचंच. काम चालू हाय तवर एकच माणूस बोलंल. बाकीच्यांनी साप दिसला तरी गप बसायचं." दोन माणसं एकदम बोलली की एक ओढतो, दुसरा सोडतो आणि तिसऱ्याचा हात जातो. सुरुवातीची बरीच वर्षं ते तोंड लिंबाजीचं होतं. पुढं विड्यांनी त्याचा खोकला वाढला, हुकूम द्यायच्या वेळीच उबळ यायला लागली. मग एक दिवस एका घराच्या दारात उभा असताना तो मला म्हणाला, "परश्या, आता तू बोल." बस. यालाच आमच्याकडं बढती म्हणायची.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नग. हळदीचा एक व्यापारी होता. दुकान मोंढ्यातून नव्या पेठेत नेलं, तेव्हा तिजोरी टेंपोत चढवल्याबरोबर हा गडी तिच्यावर मांडी घालून बसला. म्हणाला, "मी हिच्यासंगंच येणार." भर बाजारातून आम्ही त्याची मिरवणूक काढली. लोक रस्त्यात थांबून नमस्कार करायला लागले आणि तोही हात जोडून घ्यायला लागला. औंढ्याच्या एका निवृत्त गुरुजींच्या तिजोरीची किल्ली कित्येक वर्षांपासून हरवलेली. आत काय आहे यावरून तिन्ही सुनांची बोलाचाली बंद. आम्ही ती तिजोरी वरून खाली आणली, गॅसकटरवाल्यानं दुपारभर खपून दार कापलं, आणि आत निघाली तिचीच दुसरी किल्ली. नीट रुमालात बांधून ठेवलेली. गुरुजी म्हणाले, "बराबर, हरवू नये म्हणून मीच ठेवली होती."

नारळाची तर वेगळीच तकलीफ. तिजोरी उंबऱ्यातून आत जाताना यजमान हमखास तिच्यासमोर नारळ फोडणार, पाणी नव्या फरशीवर सांडणार, आणि त्यावर आमचे पाय. देवीला नारळ हवा असेल, पण तिला हमालाचे दात नको असतात, असं मी एका भटजींना सांगितलं होतं. ते हसले आणि त्यांनी नारळ अंगणात फोडला. सगळे तसे हसत नाहीत.

आता दत्तरावांची गोष्ट. तीच सांगायची आहे, बाकीचं सगळं टाळाटाळ होती.

सेनगावच्या बाजूला एका गावात दत्तराव राहतात. जमीन चांगली, सोयाबीन आणि तूर, माणूस दिलदार. त्यांच्याकडं वडलांच्या काळची परवान्याची दुनळी बंदूक. रानडुकरांसाठी म्हणून घेतलेली. गेल्या पंचवीस वर्षांत त्या बंदुकीनं एकही डुक्कर मारलं नव्हतं. डुकरंही तिला ओळखत असावीत, कारण बार ऐकून ती नुसती शेजारच्याच्या तुरीत जायची. पण बंदूक म्हणजे इज्जत. दसऱ्याला तिची पूजा, लग्नात तिच्यासोबत फोटो. तिच्यासाठी दत्तरावांनी खास बंदुकीची तिजोरी आणवली होती. ही आपल्या नेहमीच्या तिजोरीसारखी बसकी नसते. माणसाएवढी उंच, रुंदीला बेताची, आणि निम्मं वजन एकट्या दारात. उभी केली की सारखी पुढं झुकायला बघते.

चार-पाच वर्षांपूर्वी दत्तरावांनी गावातलं घर सोडून सडकेला लागून नवा बंगला बांधला आणि वास्तुशांतीच्या दिवशीच तिजोरी माडीवरच्या खोलीत गेली पाहिजे असा हट्ट धरला. आमचे दोन गडी नेमके लग्नाला गेलेले. दत्तराव म्हणाले, माझे सालगडी हायेत ना, दोर धरतील. मी हो म्हटलं. ही पहिली चूक.

"रिकामी केली का?" मी विचारलं.

"एकदम पोकळ हाय मामा. निवडणुकीपायी जमा केलेली बंदूक अजून ठाण्यातच हाय."

हे पटण्यासारखं होतं. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि मतदान होऊन गेलं तरी त्या परत मिळायला महिना लागतो हेही. मी दार उघडून दाखवा म्हटलं नाही. तिजोरीच्या मालकाला दार उघडायला लावणं म्हणजे तोंडावर खोटारडा म्हणणं, आणि तेही पाव्हणे अंगणात पंगतीला बसलेले असताना.

टेंपोतून ती खाली घेताना जरा कलली. तेवढ्यात आतून खड्ड वाजलं. लांबट काहीतरी लोखंडावरून घसरत गेलं आणि कोपऱ्याला टेकलं. तीस वर्षं ज्याचा हात तिजोरीवर आहे त्याला हे सांगावं लागत नाही. लिंबाजी दुसऱ्या अंगाला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दोराच्या गाठीकडं पाहिलं आणि म्हणालो, "चला, सरकवा." ही दुसरी चूक, आणि हिला कुणाचं लग्न कारण नव्हतं.

आम्ही तिला जिन्यापाशी आणली. मी गोधड्या मागवल्या, फळ्या टाकल्या आणि आडवी करा म्हटलं. तेव्हा वैनी, म्हणजे दत्तरावांच्या मंडळी, हातात आरतीचं ताट घेऊन मधे उभ्या राहिल्या.

"आडवी? आवं, लक्ष्मी हाय ती का मढं हाय? घरातून आडवं बाहेर जातंय मामा, आडवं मधी येत न्हाई."

"वैनी, जिन्यातून उभी न्यायची म्हंजे पायरी पायरी उचलावी लागती. खाली माणूस ठिवावा लागतो."

"मग ठिवा की. तुमाला कशाला बोलावलं?"

पाव्हणे हसले. दत्तरावांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मामा, घरात राहायचंय मला. आणि मला फुशारकी आली. अख्ख्या जिल्ह्यात उभी तिजोरी माडीवर नेणारा एकच माणूस आहे, हे चारचौघांत दाखवायची खाज सुटली. लिंबाजीनं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "उभीच नेऊ."

उभी नेण्याची तऱ्हा अशी. वर चौघांनी तिच्या माथ्याला बांधलेला दोर ताणून धरायचा, म्हणजे ती मागं कोसळत नाही. बाजूनं एकानं पहारीनं तिला एका पायरीएवढं उचलायचं. आणि खालच्या पायरीवर उभं राहून एकानं चटकन तिच्या बुडाखाली सागवानी ठोकळा सारायचा. ठोकळा सारणारा म्हणजे अर्थातच लिंबाजी. त्याच्याइतका झटपट हात आमच्यात कुणाचा नव्हता. पहार माझी, हुकूम माझा. वैनी वर, जिन्याच्या तोंडाशी, मोबाइल समोर धरून उभ्या. मोबाइलवर परभणीचे वास्तुवाले गुरुजी. ते व्हिडिओ कॉलवर आमच्या कामावर देखरेख करून राहिले होते.

पाच पायऱ्या झाल्या. सहाव्या पायरीला मी तिला पहारीवर घेतलं, लिंबाजी ठोकळा घेऊन वाकला, आणि वैनी ओरडल्या, "थांबा! थांबा! गुरुजी म्हणून राहिले तोंड दक्षिणेला झालं!"

आता जिना ज्या दिशेला बांधलाय त्याच दिशेला तिजोरीचं तोंड होणार, यात तिजोरीचा काय गुन्हा? पण दोरावरचे सालगडी वैनींच्या शब्दाला बांधलेले. चौघांनी माना वळवून वैनींकडं पाहिलं आणि त्यांच्या हातातला दोर वीतभर ढिला झाला. तिजोरी पहारीवरून घसरून दाणकन पायरीवर बसली. आत काहीतरी आपटलं.

आणि बार उडाला.

लोखंडी पेटीत बंदुकीचा बार उडाला की काय होतं, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. कान बंद झाले, सगळ्या बंगल्याला कंप सुटला. चारही सालगडी दोर टाकून पालथे झोपले. त्यांना मी आजही दोष देत नाही. कुणाच्याही समोरची तिजोरी अचानक गोळ्या झाडायला लागली तर तो दोर धरून उभा राहणार नाही. गुरुजींनी परभणीत फोन कट केला.

तिजोरी मागं झुकली. मी पहार तिच्या कुशीत दिली, पण पाच क्विंटलापुढं पहार म्हणजे काडी. लिंबाजी भिंतीच्या बाजूला उडाला. सगळा माणूस वाचला, डावा पाय तेवढा मागं राहिला. तिजोरी त्या पायाला भिंतीशी घासत पाच पायऱ्या खाली गेली आणि दिवाणखान्यात पाठीवर निजली. एवढं सगळं करून शेवटी आडवीच झाली.

लिंबाजी ओरडला नाही. पायरीवर बसून त्यानं पाय दोन्ही हातांत धरला होता आणि बोटांमधून रक्त येत होतं. मी त्याला पाठीवर घेतलं. आयुष्यभर वाहिलेल्या सगळ्या ओझ्यांमध्ये ते सगळ्यात हलकं होतं आणि तेच मला पेललं नाही. दत्तरावांनी स्वतः गाडी काढली. हिंगोलीपर्यंत ते रडत होते आणि एकच बोलत होते. "पंधरा दिस झाले मामा, निवडणूक झाली अन् बंदूक परत आणली. मक्यात डुकरं आली म्हून भरून ठिवली. हमालाला काहून सांगायचं की घरात बंदूक हाय, म्हून खोटं बोललो. माह्या ध्यानातच न्हाई राहिलं की भरलेली हाय." मलाही बोलण्यासारखं होतं, पण मी बोललो नाही.

पाय वाचला. घोटा मात्र कायमचा ताठ झाला. लिंबाजी पुन्हा तिजोरीला हात लावू शकला नाही.

नंतर तिजोरी उघडली तेव्हा लोक हसून हसून लोळले म्हणतात. पंचवीस वर्षांत एकही डुक्कर न मारलेल्या बंदुकीनं अखेर शिकार केली होती. आत ठेवलेल्या सातबाऱ्याची चाळण झाली होती, आणि वैनींच्या पैठणीला जागोजाग भोकं. तिजोरीच्या पत्र्याला नुसते पोचे. माल चांगला होता. पुढं आम्ही ती जागेवर उभी केली आणि माडीवर न्यायला निघालो तर वैनी म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, लक्ष्मीनं तिची जागा तिनंच धरली. गुरुजींनीही व्हिडिओ कॉलवर तपासून सांगितलं की हीच जागा उत्तम. तिजोरी आजही दिवाणखान्यात जिन्याखाली आहे. आता उभी आहे. बंदूक रिकामी आहे, हे दत्तराव आल्या-गेल्याला स्वतःहून दाखवतात.

मी आणखी दोन वर्षं काम केलं. दार उघडून दाखवल्याशिवाय कुठल्याच तिजोरीला हात लावला नाही. त्यापायी काही गिऱ्हाइकं गेली, काहींनी शिव्या दिल्या. आडवी नको म्हणणाऱ्यांना मी सांगायचो, तुमची लक्ष्मी आडवी नेतो, नाहीतर तुम्ही मला आडवा न्याल. मग गुडघ्यांनी पुरे म्हटलं आणि मीही पुरे म्हटलं.

लिंबाजी सध्या हळदीच्या एका गोदामावर राखणदार आहे. खुर्चीवर बसून पाय समोरच्या पोत्यावर ठेवतो. बाजाराच्या दिवशी मी त्याच्याकडं जातो, आम्ही चहा घेतो, मोंढ्यातल्या माणसांची निंदा करतो. त्या दिवसाबद्दल आम्ही फक्त हसण्यासारखं बोलायचो. सातबाऱ्याचं, पैठणीचं, गुरुजींनी फोन कट केल्याचं. तो मला कधी काही विचारत नसे, आणि त्याचं न विचारणं मला त्याच्या पायापेक्षा जास्त छळायचं.

या अंकासाठी लिहा म्हणून संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी आधी त्याच्याकडं गेलो. म्हटलं, तुझी गोष्ट आहे, तुला विचारल्याशिवाय कशी लिहू?

"लिव की. पर खरं लिव."

मग मी पहिल्यांदा बोललो. "दादा, खरं लिवायचं तर एक सांगायचं राहिलं. टेंपोतून घेताना कलली, तवा मधी काहीतरी सरकलं व्हतं. मला ऐकू आलं व्हतं. पाव्हण्यांपुढं दार उघडायला लावायची लाज वाटली, म्हून म्या गप बसलो."

तो घोट्यावरनं हात फिरवत राहिला. मला वाटलं आता तो मला उठवून लावील, आणि तसं केलं असतं तर बरं वाटलं असतं.

"ठाव हाय," तो म्हणाला. "मलाबी ऐकू आलं व्हतं."

"तुला?" माझा चहा खाली ठेवायचा राहिला. "मग तू काहून बोलला न्हाईस?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, अगदी त्या दिवशी टेंपोच्या पलीकडून पाहिलं होतं तसंच.

"तोंड एकाचंच असतंय ना परश्या. तुझं व्हतं त्या दिशी. म्या तू बोलायची वाट पाहून राहिलो व्हतो."